भट्टीजवळची कुंडी

करंजवाड्याच्या पालकावर त्या वर्षी माघातच ठिपके पडले. रोग म्हणावा तर देठ ताठ होते आणि मुळे निरोगी होती; कीड म्हणावी तर पान उलटून पाहिल्यावर खाली काहीच सापडत नव्हते. पानाच्या वरच्या अंगाला मात्र कोणी सुईच्या टोकाने टोचत जावे तसे बारीक, बदामी ठिपके होते, आणि तेही शिरा सोडून मधल्या भागातच. भाजीची वाडी करणाऱ्या सोजरबाईने औषध फवारले. चुलीतली राख चाळून उधळली. डागी पाने खुडून टाकली. नवी पाने आली ती काही दिवस हिरवीगार दिसली आणि मग त्यांच्यावरही ठिपके उमटले. मंचेरियलच्या बाजारात गिऱ्हाईक जुडी उचलत असे, उलटीपालटी करून पाहत असे आणि काही न बोलता परत टोपलीत ठेवत असे. भाव पाडून मागितलेला सोजरबाईला चालत होता. न बोलता परत ठेवलेली जुडी तिला सहन होत नव्हती.

मागच्या उन्हाळ्यात चवळीचे असेच झाले होते. तेव्हा गावाने ते उन्हावर ढकलले. या वेळी ऊन अजून कोवळे होते. त्यामुळे दोष द्यायला दुसरे कोणीतरी हवे होते, आणि ते गावाच्या पश्चिमेला आयतेच होते. ओढ्याच्या काठाने विटांच्या भट्ट्या होत्या. त्यांच्या पलीकडे, बेल्लमपल्लीच्या रस्त्याला लागून, पाइपांचा कारखाना होता. कारखान्यात लोखंडी पाइपांना डांबरी रंग लावून ते उघड्या पटांगणात उन्हात वाळत घालत. रंग पातळ करायच्या औषधाचा गोडसर, डोके धरणारा वास वाऱ्याबरोबर ओढ्यापर्यंत येई. भट्ट्यांवर कोळशाच्या चुऱ्याबरोबर खाणीतून भंगारात निघालेल्या रबरी पट्ट्यांचे तुकडे जळत. वारा दिवसभर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत असे, आणि पूर्वेला, गाव ओलांडून कोसाहून जास्त पुढे, भाजीच्या वाड्या होत्या.

गावाच्या सगळ्यात जवळची भट्टी खुशालची. ती त्याचा बाप रामाजी याने सुरू केली होती. रामाजी तरुणपणी दुसऱ्याच्या शेतात सालदार होता. पुढे ओढ्याकाठच्या सरकारी जागेवर त्याने पहिला साचा मांडला. जागा सरकारी असल्यामुळे भट्टीची परवानगी ग्रामपंचायत दरवर्षी नव्याने देत असे, आणि दर वर्षी परवानगी हाती येईपर्यंत खुशालची बायको चंद्रभागा देवळाच्या बाजूच्या रस्त्याने जाण्याचे टाळत असे. भांडण झाले तर ते कोणत्या गोष्टीवरून सुरू होईल आणि कुठे जाऊन थांबेल, याचा तिला चांगला अंदाज होता.

माघ संपता संपता पंचायतीच्या ओट्यावर बैठक झाली. वाडीवाले म्हणाले, भट्ट्या उठवा. भट्टीवाले म्हणाले, कारखान्याला विचारा. कारखान्याचे इंजिनियर जीपमधून आले होते. त्यांनी हिंदीत सांगितले की त्यांच्या धुराड्याची तपासणी वेळच्या वेळी होते, गावाने आधी आपल्या भट्ट्या बघाव्यात. सरपंच पांडुरंगराव सगळ्यांचे ऐकून घेत पान लावत होते. शेवटी हायस्कूलचे विज्ञानाचे शिक्षक नागनाथ सर उभे राहिले.

त्यांनी जे सांगितले ते गावाला नवे होते. पाने जाळणारा वायू कोणाच्याच धुराड्यातून निघत नाही, असे ते म्हणाले. त्याचे नाव ओझोन. धुरातला एक वायू आणि रंगाच्या वाफेसारखे दुसरे काही हवेत एकत्र आले, आणि वरून दुपारचे ऊन पडले, म्हणजे तो हवेतच तयार होतो. त्याला रंग नाही. दुपारी तो सगळ्यात जास्त असतो. पानाला डागतो आणि माणसाच्या छातीत भरतो. पांडुरंगरावांनी विचारले की मग तो कोणाचा धरायचा. सर म्हणाले, भट्ट्यांचा आणि कारखान्याचा मिळून. आणि वाडीवाले शेतात भरदुपारी कापूस वेचून उरलेली पराटी जाळतात, त्यांचाही.

हे उत्तर कोणालाच आवडले नाही. नागनाथ सर खुशालच्याच समाजाचे होते, ही गोष्ट लगेच दोघातिघांच्या ध्यानात आली आणि ते एकमेकांकडे पाहून हसले. सरांनी ते पाहिले. त्यांनी आवाज न चढवता सांगितले की आपल्यावर विश्वास ठेवायची गरज नाही. या वायूने लवकर डागाळणारी तंबाखूची एक जात आहे, तिची रोपे आपण कृषी केंद्रातून आणू, गावात जागोजागी कुंड्या ठेवू, आणि डाग कुठे पडतात ते सगळ्यांनी मिळून पाहू. पांडुरंगरावांना ही युक्ती पटली. तोपर्यंत सगळ्यांनी आपापले काम नेहमीसारखे करावे, असे त्यांनी ठरवले. ज्याच्या दारी डाग पडतील त्याच्याबद्दल पुढे बोलू. भट्ट्यांजवळ पडले तर ओढ्याकाठची परवानगी पुढच्या साली मिळणार नाही.

एक कुंडी कारखान्याच्या फाटकाशी गेली, एक शाळेत, एक सोजरबाईच्या वाडीत. एक चंद्रभागेच्या झोपडीपुढे, भट्टीसमोरच्या सपाट दगडावर ठेवली गेली. सरांनी नियम सांगितले. कुंडी उघड्यावर ठेवायची. रोज बुडाशी पाणी घालायचे. पानाला हात लावायचा नाही, पान धुवायचे नाही, सावली करायची नाही.

चंद्रभागेने नियम पाळले. पहाटे ती माती तुडवायला उतरे. ओढ्याची माती, भुसा आणि कोळशाचा चुरा पाण्यात मुरलेला असे. ती त्यात पोटरीपर्यंत उभी राहून गोलगोल फिरे, आणि बाहेर येई तेव्हा पायांची कातडी पांढरी पडून सुरकुतलेली असे. मग साचा. ओल्या साच्यात गोळा आपटायचा, तारेने वरची माती कापायची, साचा उपडा करायचा, उचलायचा, पुढे सरकायचे. दिवसभर उकिडवे बसून मागे सरकत राहिल्यामुळे उभे राहताना तिला गुडघ्यावर हात टेकावा लागे. त्या धबडग्यातही ती तांब्याने कुंडीच्या बुडाशी पाणी घालून येई. भट्टीची काजळी पानावर बसलेली दिसे. तिला ती फुंकावीशी वाटे. ती फुंकत नसे.

त्याच पंधरवड्यात खुशालने भट्टी रचली. भट्टीला आग द्यायची ती ऊन डोक्यावर आल्यावर, हा रामाजीच्या वेळेपासूनचा शिरस्ता. रात्रीच्या दवाने कच्च्या विटा आणि बाहेरचे लिंपण गारठलेले असते. ते दुपारपर्यंत तापू द्यायचे, मग भट्टी ओढ धरते. घरातल्या बाईने दुपारचा स्वयंपाक करून आपल्या चुलीतला इंगळ खापरात आणायचा आणि भट्टीच्या तळाच्या पहिल्या तोंडात घालायचा. आग धरेपर्यंत घरातल्या पुरुषांनी जेवायचे नाही. चंद्रभागेने इंगळ घातला, खुशालने वर रबराचे तुकडे लोटले. काळा, चिकट धूर ओढ्यावर आडवा पसरला आणि वाऱ्याबरोबर गावाकडे वळला. रामाजी निंबाखाली बसून धुराकडे पाहत होता. ओढ चांगली आहे, असे तो म्हणाला आणि मग जेवायला बसला.

ठरल्या दिवशी कुंड्या पाहायला सगळे निघाले. पुढे नागनाथ सर आणि इंजिनियर, मागे पांडुरंगराव, त्यांच्या मागे अर्धा गाव. फाटकाशी तुरळक डाग होते. शाळेतल्या पानांवर त्याहून जास्त. सोजरबाईच्या वाडीतल्या रोपाची खालची पाने तर अशी भरली होती की हिरवा भाग शोधावा लागत होता. भट्टी शेवटी पाहायची असे सरांनी मुद्दाम ठरवले होते. चंद्रभागेच्या दगडावरच्या रोपावर काजळीचा थर होता. सरांनी हाताचे बोट ओले करून एका पानावरची काजळी पुसली. पान स्वच्छ होते. दुसरे पुसले, तेही स्वच्छ.

 मग सोजरबाई पुढे आली. ती सगळ्या वाटेने चालत आल्यामुळे तिला दम लागला होता.

"धूर इथून निंघते अन् डाग माह्या वाडीत?" ती म्हणाली. "पोरखेळ हाये का हा? हिनं भर दुपारी पालथी टोपली ठेवली असंन याच्यावर. नाई त पान धुतलं असंन अन् मंग वरून काजळी टाकली."

"म्या हात नाई लावला, सोजरमाय," चंद्रभागा म्हणाली.

"लावला नाई त पान काऊन साफ हाये, सांग ना."

तिने नागनाथ सरांकडे पाहिले. सर पानावर वाकलेले होते. ते पुष्कळ वेळ तसेच राहिले आणि शेवटी फक्त "पाहू" म्हणाले. गावाने त्या एका शब्दाचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला. पांडुरंगरावांनी वहीत भट्टीपुढे 'साफ' असे लिहिले, पण लिहिताना ते चंद्रभागेकडे पाहून किंचित हसले. हे हसणे तिने नंतर बरेच दिवस आठवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बचत गटातल्या बाया आल्या. गटाची पत्र्याची पेटी गेल्या सालापासून चंद्रभागेच्या घरी होती आणि किल्ली तिच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात. बाया मातीने भरलेल्या अंगणात बसल्या नाहीत, उभ्याच राहिल्या. पावसाच्या, विटांच्या आणि एकीच्या बाळंतपणाच्या गोष्टी झाल्या. मग भागाबाई, जी एरवी तिच्याच जोडीने माती तुडवायला येत असे, नजर दुसरीकडे ठेवून बोलली.

"सालभर तुह्याच घरी हाये पेटी. तुले बी तरासच व्हय. थोडे दिवस माह्याकडे राहू दे."

चंद्रभागेने हात धुतले. दोरा मानेवरून काढताना केसांत अडकला, तो तिने ओढून तोडला नाही, सोडवून काढला. पेटी त्यांच्यातल्या दोघींनी मिळून नेली. गळ्यावर दोऱ्याची फिकी रेघ राहिली होती, आणि तिथे तिचा हात दिवसभर जात राहिला.

त्या संध्याकाळी तिने खुशालला सांगितले की कुंड्यांची अदलाबदल करायची. सोजरबाईचे रोप इथे आणायचे, इथले तिच्या वाडीत न्यायचे. मग नवे पान कसे येते ते पाहायचे. खुशाल विटा पालथ्या घालत होता, तो थांबला.

"पान साफ हाये," तो म्हणाला. "वहीत साफ लिवलं. भट्टी वाचली. आता काऊन उकरून काढतं?"

"गाव म्हणते म्या लबाडी केली."

"गाव म्हणू दे. गावाच्या म्हणन्यानं परवानगी जात नाई, डागानं जाते. अन् अदलाबदलीत इथंच डाग निंघाले त?"

"त निंघतील."

"जागा जाईल आपली."

"पेटी गेली तवा तुमी इथंच होते," चंद्रभागा म्हणाली. "साचा धुऊन राह्यले होते. एक सबद बोलले नाई."

खुशाल पुन्हा विटा पालथ्या घालू लागला. निंबाखाली बाजेवर पडलेल्या रामाजीने कूस बदलली. मुलाला भट्टीची काळजी आहे आणि सुनेला नावाची, असे तो कोणाला उद्देशून न बोलता म्हणाला, आणि आपल्या वेळी या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या, असेही.

सकाळी ती पंचायतीत गेली. पांडुरंगराव तिला उभी ठेवूनच बोलू देत होते. मग त्यांनी चष्मा काढला आणि ओट्याची कड दाखवली. ती बसली नाही, पण कुंड्या बदलायची परवानगी तिने मिळवली. नागनाथ सर हे ऐकून आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखे काहीतरी दिसले. हेच आपल्याला सुचवायचे होते, ते म्हणाले. पण आपण सुचवले असते तर गावाला ते आपल्या माणसाची बाजू घेतल्यासारखे वाटले असते. चंद्रभागा ते ऐकून कुंडी आणायला वळली.

सरांनी दोन्ही रोपांच्या सगळ्यात वरच्या पानाच्या वर, शेंड्याला, तांबडा दोरा बांधला. दोऱ्याच्या वरची पाने तेवढी मोजायची. चंद्रभागेने चुंबळ केली, कुंडी डोक्यावर घेतली आणि गावातून पूर्वेकडे चालू लागली. कुंडीचे पाणी मानेवरून पाठीत उतरत होते. दारादारांतून लोक पाहत होते. कोणीतरी विचारले की कुंडी भट्टीवरून काढून दिली का. ती पुढे गेली.

वाडीच्या दारात सडा टाकलेला होता. सोजरबाई तुळशीजवळ उभी होती. चंद्रभागेने कुंडी उतरवून दोन्ही हातांनी पुढे केली.

"ठेव खाली," सोजरबाई म्हणाली.

तिने खाली ठेवली. सोजरबाईने लोट्यातले पाणी कुंडीभोवती फिरवले, मग ती उचलली आणि पालकाच्या वाफ्याशी नेऊन ठेवली. आपली कुंडी आणून तिने सड्याच्या बाहेर जमिनीवर ठेवली आणि दोन पावले मागे सरकली. ती घ्यायला चंद्रभागेचा हात पुढे झाला होता. तो तसाच खाली गेला, आणि तिने वाकून जमिनीवरून कुंडी उचलली. नागनाथ सर थोड्या अंतरावर उभे होते.

पहारा नेमायची गरज नव्हती. पाळत आपोआप बसली. भट्टीवर पाणी प्यायला, विस्तव मागायला, काहीच नसताना बसायला माणसे येऊ लागली. येणारा आधी दगडाकडे पाहत असे. भर दुपारी सोजरबाईचा पुतण्या दोनदा येऊन गेला. चंद्रभागा त्या वेळी भट्टीच्या तोंडाशी असे. खुशाल रबर लोटी आणि ती लांब काठीने ते आत सारी. दोऱ्याच्या वर एक पान उलगडले, मग दुसरे. तिने त्यांच्याकडे पाहायचे नाही असे ठरवले होते. तरी माती तुडवताना तोंड तिकडेच वळे.

या वेळी कुंड्या पाहायला आधी भट्टीवर आले. सोजरबाई या वेळी थेट दगडापाशी येऊन उभी राहिली होती. तिने पदर नाकाला लावला होता. तिचेच रोप दगडावर होते. सरांनी ओल्या कापडाने काजळी पुसली. दोऱ्याखालची पाने डागांनी भरलेली, जशी वाडीतून आली होती तशीच. दोऱ्यावरची पाने कोरी. सोजरबाई वाकली, पदर नाकावरून सुटला. तिने पानाच्या वर पाहिले, खाली पाहिले, दोरा बोटाने हलवून पाहिला. मग सगळे वाडीकडे गेले. तिथे पालकाच्या वाफ्याशी चंद्रभागेचे रोप उभे होते. दोऱ्याखाली स्वच्छ, दोऱ्यावर ठिपके.

"आता कोण झाकलं?" गर्दीतून कोणी विचारले. सोजरबाईने मागे वळून पाहिले नाही.

मग नागनाथ सरांनी वाफ्याच्या बांधावर उभे राहून कारण सांगितले. भट्टीतून धूर ताजा निघतो तेव्हा त्यातला एक वायू जवळपासचा ओझोन खाऊन टाकतो, म्हणून भट्टीशेजारचे पान वाचते. तोच धूर कारखान्याच्या वाफेत मिसळून वाऱ्यावर पुढे सरकतो, वाटेत ऊन खातो, आणि दुपारपर्यंत वाडीवर येतो तेव्हा त्याचे दुसरेच काही झालेले असते. चंद्रभागाबाईंनी लबाडी केली नव्हती. भट्टीही निर्दोष नव्हती. दोन्ही गोष्टी त्याच पानावर दिसतात, असे ते म्हणाले.

लबाडी केली नव्हती, या वाक्यापर्यंत चंद्रभागेला हलके वाटत होते. पुढचे ऐकताना तिला खुशाल दिसला. तो लोकांच्या मागे, वाडीच्या कुंपणाला टेकून उभा होता. त्याने तिच्याकडे पाहिले नाही. गर्दी हलली तेव्हा तो जवळून जाताना एवढेच म्हणाला, "नाव तुहं धुतल्या गेलं. आता भट्टीचं बघू."

बैठक त्याच दिवशी, वाडीतच, आंब्याखाली झाली. भट्ट्या उठवायची मागणी पुन्हा आली, पण आता ती मागताना लोकांचा आवाज तेवढा चढत नव्हता. पांडुरंगरावांनी सरांना विचारून अटी घातल्या. भट्टीत रबर जाळायचे नाही. पहिली आग आणि जळणाचा पुढचा प्रत्येक झोका सूर्य बुडाल्यावरच द्यायचा. वाडीवाल्यांनी शेतात पराटी जाळायची नाही. ती भट्टीवाल्यांना द्यायची. कारखान्याने रंगाचे पिंप झाकून ठेवायचे, रंगाचे काम संध्याकाळच्या पाळीत करायचे आणि पाइप वाळवायला बंद शेड बांधायची. एवढे पाळले तर परवानगी चालू राहील.

इंजिनियरांनी सांगितले की ते मुख्य कार्यालयाला लिहितील, शेडचा निर्णय तिकडून व्हावा लागेल. सोजरबाई बांधावर बसली होती, तिथूनच बोलली.

"भट्टीवाल्याईनं इथंच बसून ऐकलं. तुमचं हापिस कोन्या गावात हाये, सारू? तिथं पालक खात नाईत का?"

लोक हसले. इंजिनियरांना मराठी पुरते कळत नव्हते, पण हसण्याचा रोख कळला. त्यांनी झाकणांचे आणि पाळीचे तिथेच मान्य केले. झाकणे आठवड्यात आली. संध्याकाळच्या पाळीतल्या रंगाऱ्यांनी कुरकुर केली, मग त्यांना जादा दिवा आणि चहा मिळू लागला तेव्हा ती थांबली. शेडचे खांब उभे राहायला मात्र वैशाख उजाडला.

भागाबाई दुसऱ्या सकाळी एकटीच पेटी घेऊन आली. तिने ती ओसरीवर ठेवली, दोरा आणि किल्ली वर ठेवली आणि साडी खोचून माती तुडवायला निघाली.

"थांब," चंद्रभागा म्हणाली. "सगळ्या बायाईले बलाव. त्यायच्यापुढं उघड. मंग मी घेतो."

भागाबाई खोचलेली साडी सोडून बाया बोलवायला गेली. पेटी सगळ्यांपुढे उघडली, बंद झाली. त्यानंतर चंद्रभागेने दोरा गळ्यात घातला.

संध्याकाळची पहिली भट्टी बिघडली. रामाजीने आधीच सांगितले होते. गार लिंपणावर आग धरत नाही, असे तो म्हणत होता. आणि दिवस बुडताना इंगळ घातला तर पुरुषांनी जेवायचे कधी, हेही त्याने विचारले. त्या दिवशी तो दुपारीच जेवला, आणि जेवला हे कोणाला कळू नये अशा रीतीने हात धुऊन आला. रबर नसल्यामुळे चुरा धुमसत राहिला. खुशालने तोंडाशी लाकडे घातली, फुंकणीने फुंकले, त्याच्या भुवया जळाल्या. भट्टी थंड झाल्यावर फोडली तेव्हा मधले थर लाल होते, पण बाहेरचे दोन्ही थर पिवळे निघाले. वीट वाजवली तर मातीसारखा आवाज येई. खुशालने पिवळ्या विटा एका बाजूला रचल्या. तो बरेच दिवस चंद्रभागेशी कामापुरतेच बोलला. ती पिवळ्या विटा फोडून पुन्हा मातीत मुरवत होती. तिच्या नखांच्या कडा फाटल्या होत्या.

एका संध्याकाळी खुशालने, तिच्याकडे न पाहता, तोंडे थोडी उंच ठेवून पाहू असे म्हटले. तळाला वाळलेल्या पराटीचा जाड थर दिला तर चुरा लवकर धरेल. चंद्रभागा म्हणाली की मग तोंडांची संख्याही वाढवावी. तो हो म्हणाला. दुसरी भट्टी त्यांनी तशी रचली. रामाजी काठीने थर दाखवत फिरला. चूक काढायला त्याला एकच जागा सापडली आणि ती खरोखरच चुकलेली होती.

पराटी वाडीवाल्यांनी द्यायची होती. चैत्रातल्या एका संध्याकाळी सोजरबाईचा पुतण्या बैलगाडी भरून घेऊन आला. गाडीच्या मागे सोजरबाई चालत होती. तिच्या काखेत चंद्रभागेची कुंडी होती. नागनाथ सरांनी कुंड्या आपापल्या जागी परत न्यायला सांगितले होते. दोऱ्यावर आता बरीच पाने झाली होती. मधल्या पानांवर ठिपके दाट होते. सगळ्यात वरच्या दोन पानांवर तुरळक, मोजता येतील असे. अगदी नव्हते असे नाही.

ती आली तेव्हा सूर्य कारखान्याच्या धुराड्याआड गेला होता. खुशाल आणि तिचा पुतण्या गाडीतून पराटीच्या मोळ्या उतरवून भट्टीच्या तोंडात कोंबत होते. चंद्रभागा झोपडीतून बाहेर आली. तिने दोन्ही हातांत खापर धरले होते आणि खापरात चुलीतला इंगळ लाल होता. वारा लागून त्यावरची राख उडत होती.

सोजरबाई तिच्यासमोर येऊन उभी राहिली. तिने कुंडी काखेतून काढून दोन्ही हातांत घेतली आणि पुढे केली.

"घे वो, तुही कुंडी," ती म्हणाली.

चंद्रभागेने कुंडीकडे पाहिले, वरच्या पानांकडे पाहिले. हातातले खापर तापत होते.

"खाली ठेवा, सोजरमाय," ती म्हणाली. "माहे हात गुतले हायेत."

ती भट्टीच्या तोंडाशी गेली, गुडघे टेकून वाकली आणि इंगळ पराटीत लोटला. पांढरा धूर निघाला, दबला, पुन्हा निघाला. आत कुठेतरी काटकी तडकली. खुशालने दुसरी मोळी पुढे केली. ती तिने काठीने सारली.

सोजरबाईने कुंडी खाली ठेवली. थोड्या वेळाने तिने ती पुन्हा उचलली, पहिल्यासारखी सपाट दगडावर नीट बसवली, आणि आग धरेपर्यंत तिथेच उभी राहिली.